रिकामी म्हटलेली खुर्ची

तुम्ही खोटं बोललात.

भर कोर्टात, अंगावर काळा झगा आणि डोक्यावर घोड्याच्या केसांचा टोप घालून, मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोललात. आमच्या फ्रीटाउनात कोंबडीचोरसुद्धा मेलेल्याबद्दल खोटं बोलायला कचरतो. तुम्ही कचरला नाहीत.

वकील गेला की कोर्टानं उभं राहायचं आणि वरच्यांपैकी कुणीतरी चार शब्द बोलायचे, ही रीत. एलायजा गार्बर वकिलांसाठी ते चार शब्द मुख्य सरकारी वकील म्हणून तुम्ही बोललात. मी मागच्या बाकाशी उभा होतो. मी सुतार आहे, नाव जेकब बेकली. त्या माणसाची पेटी मीच केली होती आणि तिच्यावर मातीही लोटली होती, त्यामुळे ऐकायचा हक्क मला होता. तुम्ही म्हणालात, "दिवंगत गार्बर या न्यायालयात पुष्कळ वर्षं वकिली करत होते. शांत स्वभावाचे गृहस्थ." इथवर ठीक. मग कोर्टाचा म्हातारा पुकाऱ्या जोब खाकरला आणि म्हणाला, "साहेब, ते हंगामी मुख्य सरकारी वकीलही होते."

तुम्ही हसलात. मी पाहिलं. म्हणालात, "माझ्या आजारपणात काहीतरी व्यवस्था केली होती खरी. पण त्या काळात ते पद रिकामंच होतं, असं म्हणायला हवं."

रिकामंच होतं!

आता त्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसलं होतं ते मी सांगतो. तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही विसरलात म्हणून नाही सांगत. तुमच्या तोंडावर सांगितलं गेलं पाहिजे म्हणून सांगतो.

तुम्हाला तापानं गाठलं तेव्हा तुम्हाला झोळीत घालून बोटीवर चढवलं. तुमचे डोळे लिंबासारखे पिवळे झाले होते. विलायतेहून दुसरा माणूस यायला नाही म्हणाला. आमची हवा म्हणजे गोऱ्या माणसाचं कबरस्तान, असं तिकडे बोलतात. मग टेकडीवरच्या गव्हर्नरच्या बंगल्यातून गार्बर वकिलांना बोलावणं आलं. काळा माणूस, पण लंडनला शिकलेला. आजा गुलामांच्या जहाजातून सोडवलेला, बाप चर्चमध्ये घंटा वाजवणारा. अडला हरी, तसं झालं होतं तुमचं.

गार्बर हरखले. मी खोटं कशाला बोलू? माणूस हरखला. नवा टोप मागवला, काठीला चांदीची मूठ बसवली. चांदीची मूठ माझ्याच दुकानात बसली. मी म्हटलं, "वकीलसाहेब, हंगामी कामाला कायमची मूठ कशाला?" ते म्हणाले, "बेकली, तू ठोक. बोलू नकोस." शिपायानं सलाम ठोकला की ते जरा हळू चालायचे, सलाम पुरता घ्यायला. हे सगळं खरं आहे. पोकळ माणसाला गर्व असतो तसा तो गर्व नव्हता. आपल्या माणसाला पहिल्यांदा दार उघडलं की उंबऱ्यावर तो थोडा वेळ रेंगाळतोच.

आणि पहिलाच खटला आला तो सॅमसनचा.

सॅमसन म्हणजे अबिगेल मावशीचा एकुलता एक. अबिगेल मावशी किंग जिमीच्या धक्क्यावर मासे विकते. मुलगा होडी वल्हवायचा. जकातीच्या गोऱ्या अंमलदारानं त्याला होडीत लाथ घातली, आईवरून शिवी दिली, आणि सॅमसननं वल्हं फिरवलं. अंमलदाराचा एक डोळा गेला. सारं गाव म्हणालं, बरं झालं. मीही म्हणालो. पण डोळा गेला तो गेला.

गार्बर आणि अबिगेल मावशी एका गल्लीतले. गार्बर तान्हे असताना त्यांची आई आजारी होती, तेव्हा याच बाईनं, स्वतः जेमतेम पोरसवदा असताना, त्यांना पाठीशी बांधून बाजार केला होता. त्यामुळे गावाला वाटलं, आपला माणूस खुर्चीवर आहे, पोरगं सुटलं. तुमचा कनिष्ठ गोरा वकील होता, त्याच्याकडे खटला ढकलता आला असता. गार्बर स्वतः उभे राहिले. सॅमसनविरुद्ध बोलले. चांगले बोलले, हेच तर वाईट. ज्यूरीनं दोषी म्हटलं, न्यायाधीशानं सात वर्षं दिली.

त्या दिवसापासून धक्क्यावर गार्बरांच्या स्वयंपाकिणीला मासा मिळेना. टोपली घेऊन ती आली की बायका पाट्या झाकायच्या.

"बोंगा आहे का ग?"

"आहे की. पण राणीच्या वकिलाला आमचा धुरावरचा बोंगा कसा चालेल? राणीला सांग, तिच्या तळ्यातला धाड."

"अग, पोटाला मागतेय."

"पोटाला? कुणाच्या? ज्यानं सॅमसनला गिळलं त्याच्या? भरलंय ते!"

चर्चमध्ये त्यांच्या बाकावर दुसरं कुणी बसेना. हेन्रिएटाबाई, त्यांच्या पत्नी, बाकाच्या एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळं लाकूड. गोऱ्यांच्या क्लबात त्यांना आत घेत नव्हते आणि आमच्या ओसरीवर कुणी खुर्ची पुढे करत नव्हतं. एक माणूस दोन्हीकडून हाकललेला, आणि त्याला तुम्ही म्हणता पद रिकामं. साहेब, रिकाम्या खुर्चीला कुणी वाळीत टाकतं का?

मग दुसरी गोष्ट झाली. ही तुम्हाला झोंबली ती.

रोकेल नदीच्या वरच्या अंगाला तेमने लोकांच्या एका गावात रस्त्याच्या बेगारीवरून तुमच्या एका फौजदारानं झोपड्या जाळल्या. म्हाताऱ्या गावप्रमुखाला दोर बांधून शहरात आणलं. सरकारविरुद्ध बंड, असा आरोप ठेवायचा होता. कागद गार्बरांच्या पुढे आला, नुसती सही हवी होती. ते तुरुंगात गेले. प्रमुखाच्या मनगटावरचे वळ पाहिले आणि फौजदाराला विचारलं, "घरं कोणत्या कायद्याखाली जाळली?"

फौजदार म्हणाला, "साहेब, ते तर नेहमीचंच आहे."

"नेहमीचं असेल. कायदा कोणता?"

फौजदारानं वर कळवलं. वर बंगल्यातून निरोप आला, गार्बरांनी सहकार्य करावं. गार्बरांनी उलट निरोप धाडला की सहकार्याला तयार आहे, कायद्याचं नाव तेवढं कळवा. ते नाव अजून यायचं आहे. म्हाताऱ्याला होडीनं घरी पोचवलं. पुढच्याच बोटीनं तुम्ही आलात, डोळ्यांतला पिवळेपणाही पुरता गेला नव्हता. डॉक्टर आणखी हवापालट करा म्हणत होता, असं तुमच्याच नोकरानं सांगितलं. गार्बरांना आभाराचा एक शब्द नाही. गरज सरो, वैद्य मरो.

बंगल्यावर त्यांच्याबद्दल काय बोललं गेलं ते शहरात लपत नाही. वाढपीही आमचेच असतात. "गार्बर कडक नाही." सॅमसनला सात वर्षं धाडणारा माणूस कडक नाही! आणि इकडे आमच्या ओसऱ्यांवर, "गार्बर गोऱ्यांचा." गावप्रमुखाला सोडणारा गोऱ्यांचा! दोन्ही बाजू त्याचं मोजमाप करत होत्या आणि दोन्ही मापं खोटी होती. मला एवढंच दिसलं की या माणसानं एक गोष्ट धरून ठेवली: डोळा काळ्यानं फोडला तरी कायदा, घर गोऱ्यानं जाळलं तरी कायदा. ती गोष्ट चूक की बरोबर यावर भांडा, मी स्वतः त्यांच्याशी भांडलो आहे. पण ती धरायला हात लागतात. रिकामी खुर्ची काही धरत नाही.

तीन वर्षांनी गेले ते. छातीत कळ आली, उन्हाळा होता. आणि मग तुम्ही ते बोललात.

चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे अवुजो असतो, पितरांना जेवण. तुम्ही हसता त्याला. हसा. अंगणात चुली पेटतात, चवळी शिजते, अकरा नावाचे वडे तळले जातात. सगळ्यांच्या आधी मेलेल्याचा वाटा खड्ड्यात घालायचा. घालण्याआधी दोन गोष्टी लागतात. पहिली, मेलेल्याशी ज्याचं भांडण आहे त्यानं सगळ्यांसमोर बोलून टाकायचं. मनात अढी ठेवून जेवलेलं अन्न आम्हाला पचत नाही. दुसरी, मेलेल्याला त्याच्या सगळ्या नावांनी हाक मारायची, कोला फळाच्या चार फाका जमिनीवर टाकायच्या आणि तो आला का ते पाहायचं. दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या, तर आला.

हेन्रिएटाबाईंना एकच धास्ती होती: अबिगेल मावशी आली नाही तर? तिचं भांडण बाहेर राहिलं तर जेवण फुकट, माणूस उपाशी. त्या स्वतः धक्क्यावर गेल्या, माशांच्या पाण्यात स्कर्ट भिजवत उभ्या राहिल्या, बोलावून आल्या. मावशीनं येते म्हटलं नाही, येत नाही म्हटलं नाही. बोंगा साफ करत राहिली.

ती आली. सगळ्यांत शेवटी, आवळून बांधलेला माथ्यावरचा रुमाल, हात रिकामे. गार्बरांची म्हातारी आत्या, बोसे आजी, पाण्याचा तांब्या घेऊन खड्ड्यापाशी बसली होती. ती म्हणाली, "बोल, अबिगेल. आज तुझा दिवस आहे."

मावशी काही बोलायच्या आधीच जोब पुकाऱ्या उठला. त्याला राहवेना. "मी सांगतो. मी दाराशी उभा होतो तेव्हा. पोलिसांना खुनाच्या प्रयत्नाचा आरोप हवा होता. जन्मठेप, अबिगेल! पोरगं तुरुंगातच म्हातारं झालं असतं. वकीलसाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, 'वल्हं हातात होतं म्हणून फिरलं, मारायला आणलं नव्हतं. जखमेचा आरोप ठेवीन, नाहीतर दुसरा वकील बघा.' मी माझ्या कानांनी ऐकलं."

"बस रे जोब," मावशी म्हणाली. "तू आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पुकारलीस, माझं मला बोलू दे. हे मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"सॅमसनला ठाऊक होतं, म्हणजे मला ठाऊक. जन्म वाचवला, ते मी मोजलं आहे. सात वर्षं दिली, तीही मोजली आहेत. त्यावरून माझं भांडण नाही. डोळा गेला होता, कुणीतरी भरणार होतं."

"मग?" हेन्रिएटाबाईंचा आवाज फाटला. "मग तीन वर्षं आमच्या घराला मासा का दिला नाहीस, ताई?"

मावशी खड्ड्याकडे बघून बोलली, बाईंकडे नाही. "निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या पायऱ्यांवर होते. तो खाली उतरला. टोप काखेत. माझ्या इतक्या जवळून गेला की झग्याचा वारा लागला मला. ज्याचं मुताचं फडकं मी धुतलं, तो मला 'कुशे' म्हणाला नाही. माझ्यापेक्षा लहान माणूस. शत्रू असला तरी माणूस 'कुशे' म्हणतो. कुत्रं शेपूट हलवतं. हे माझं भांडण. बोलले मी."

बाहेरच्याला वाटेल, एका नमस्कारासाठी तीन वर्षं? ज्याला असं वाटेल तो आमच्या गावचा नाही. आमच्याकडे दोन घरं पेटली असली तरी विझवायला जाताना वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याला 'कुशे' म्हणून पुढे पळतात.

हेन्रिएटाबाईंनी नवऱ्याच्या वतीनं काही बनवून सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना मानतो. बोसे आजीनं खड्ड्याच्या कडेला थंड पाणी ओतलं. "ऐकलं त्यानं," ती म्हणाली. "आता बोलावू."

आता चूक आमची. आमच्यासारख्याच लोकांच्या हातून होणारी.

हेन्रिएटाबाईंचे भाऊ विल्फ्रेड जकातीच्या कचेरीत कारकून आहेत. ते आजीच्या कानाशी लागले. "आजी, नावं घे, पण ते सरकारी कामाचं नाव नको घेऊ."

"कोणतं?"

"ते... हंगामीचं. मोठ्या साहेबांनी कोर्टात सांगितलंय, पद रिकामं होतं म्हणून. कुंपणाबाहेरून कोण जात असेल सांगता येत नाही. मला उद्या कचेरीत तोंड दाखवायचंय."

"मेलेल्याला हाक मारायला तुझ्या साहेबाची परवानगी?"

"आजी, हळू बोल ग! माझी भाकरी तिथं आहे."

आजी कुरकुरली, पण घरचा पुरुष तो एकच उरला होता. तिनं हाका मारल्या: एलायजा, घंटावाल्याचा मुलगा, एलायजा, हेन्रिएटाचा नवरा, एलायजा, या गल्लीचा वकील. ये, जेव. फाका टाकल्या. चारही पालथ्या. पुन्हा हाका, पुन्हा फाका. तीन पालथ्या, एक उताणी. एका म्हातारीनं छातीवर क्रॉस केला. हेन्रिएटाबाई खाली बसल्या, मातीत, चांगल्या काळ्या कपड्यांनिशी. "येत नाही तो," त्या म्हणाल्या. "रागावलाय. उपाशी राहील."

मी चर्चचा माणूस आहे. फळाच्या फाका कशा पडतात त्यात मी देवाला ओढत नाही. पण बाई मातीत बसलेली मी पाहिली, आणि तुमचं ते कोर्टातलं हसू मला आठवलं. माझ्या हातात हातोडा असता तर बरं झालं नसतं.

मावशीनं रुमाल सैल केला. "सरक, आजी," ती म्हणाली.

"तू? तू घरची नाहीस."

"पाठीशी बांधला होता मी त्याला. सरक." तिनं फाका उचलल्या. मग विल्फ्रेडकडे वळली. "कारकुना, तुझा साहेब काय म्हणाला? पद रिकामं होतं?"

"मावशी, हळू..."

"रिकामं होतं तर मी भांडले कुणाशी? तीन वर्षं माझा मासा मी लाकडापासून लपवला का? माझ्या पोराविरुद्ध कोण उभं राहिलं, खुर्ची? पायऱ्यांवरून माझ्या शेजारून कोण गेलं, खुर्चीचे पाय? माझं पोरगं त्यांनी नेलं, आता माझं भांडणही नेणार? ते मी देणार नाही. ते माझं आहे."

ती खड्ड्यावर वाकली. आणि धक्क्यावर गिऱ्हाईकाला हाक मारतात त्या आवाजात, कुंपणाबाहेर, रस्त्यावर, पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाईल अशी ओरडली: "एलायजा गार्बर! राणीच्या मोठ्या वकिला! माझ्या सॅमसनला सात वर्षं धाडणाऱ्या! तेमने म्हाताऱ्याला घरी धाडणाऱ्या! पायऱ्यांवर माझ्याशी न बोललेल्या! कुशे! मी लहान होऊन तुला म्हणते, कुशे. ये, जेव."

फाका पडल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या.

मी काही म्हणत नाही. पडल्या.

आजीनं चवळी, अकरा, भात खड्ड्यात घातला. हेन्रिएटाबाईंना मावशीनंच हात धरून उठवलं, कपड्यांवरची माती झाडली, आणि म्हणाली, "उद्या स्वयंपाकिणीला धाड. ताजा आहे. आणि त्या पोरीला चांगली टोपली दे, मागच्या वेळची तुटकी होती." मग सगळे जेवले. विल्फ्रेडही जेवले, रस्त्याकडे पाठ करून.

जेवण झाल्यावर मावशी माझ्यापाशी आली. "बेकली, तू लिहितोस ना त्या वर्तमानपत्रात, लोकांना शिव्या?"

"शिव्या नाही मावशी, मत."

"तेच ते. माझं एक विचारायचंय त्या साहेबाला. नीट लिही. सुताराचं लिहू नकोस, माझं लिही."

म्हणून हे तिचं लिहितो, आणि तुम्हाला विचारतो. तुमच्या दप्तरात त्या महिन्यांपुढे काय लिहिलंय ते आम्हाला बघायचं नाही. तुम्ही भर कोर्टात, सगळ्यांच्या कानांवर बोललात, तर सगळ्यांच्या कानांवर उत्तर द्या. सॅमसन आज तुरुंगाच्या खाणीत दगड फोडतो. त्याच्यावर आरोप ठेवणारा, ज्यूरीपुढे उभा राहणारा, मुख्य सरकारी वकील म्हणून बोलणारा माणूस जर तुमच्या म्हणण्याप्रमाणे नव्हताच, पद जर रिकामंच होतं, तर तो खटला कुणी चालवला? रिकाम्या खुर्चीनं धाडलेला माणूस तुम्ही कोणत्या कायद्याखाली आत ठेवला आहे? हाच प्रश्न एकदा एका काळ्या माणसानं तुमच्या फौजदाराला विचारला होता.

आणि जर तो होता, त्यानं केलं ते सगळं खरं होतं, सॅमसनचंही आणि तेमने म्हाताऱ्याचंही, तर पुढच्या सोमवारी कोर्ट भरलं की उभे राहा, टोप काढा, आणि म्हणा की तो होता.

दोन्ही एकदम चालणार नाही. अबिगेल मावशी सोमवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसणार आहे. तुम्ही तिच्या शेजारूनच वर जाल. तिला 'कुशे' म्हणा, आणि मग सांगा: गार्बर होता, की सॅमसन सुटला?